कागद पुरे, काम अपुरं: सरकारी खर्चाचा जाब नेमका कुठे विचारायचा?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. प्रश्न एका ओळीत मांडता येण्यासारखा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी एका छोट्या संस्थेत हिशेबाचं काम बघते. वर्गखोल्या, पाण्याच्या टाक्या, जोडरस्ते अशा लहान सरकारी बांधकामांवर पडलेला खर्च खरोखर जागेवर पोचतो का, हे तपासायचं काम आमच्याकडे आलं आहे. मुदत एक वर्ष, माणसं तीन, आणि त्यातली एक मी.

पहिल्याच महिन्यात एका वर्गखोलीची फाइल हातात आली. मंजुरी, अंदाजपत्रक, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाच्या प्रती, देयकं, काम पूर्ण झाल्याचा दाखला, उपयोगिता प्रमाणपत्र, सगळं क्रमाने लावलेलं. शेवटी रंगीत फोटो. इतकी नीटस फाइल मी क्वचित पाहिली असेल. दुसऱ्या दिवशी जागेवर गेले. खोली उभी होती, छप्पर होतं. पण काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. फोटो शेजारी धरून बघितला तेव्हा लक्षात आलं: फोटोतल्या खिडकीला सात गज, समोरच्या खिडकीला पाच. परत येऊन इतर फाइली चाळल्या, तर तोच फोटो आणखी दोन कामांना लावलेला. एकात कडेचं झाड कापून टाकलं होतं, एवढाच फरक.

त्या फाइलीवर अकरा सह्या आहेत. मी मोजल्या. त्या अकरांपैकी कोण खोलीपाशी प्रत्यक्ष उभं राहिलं होतं, हे फाइलीतून कळायला मार्ग नाही.

आता आमच्या तिघांत तीन मतं आहेत. एक सहकारी म्हणतो, सगळी माहिती संकेतस्थळावर टाकू, लोक बघतील आणि विचारतील. दुसरी म्हणते, गावोगाव सभा घेऊन हिशेब वाचून दाखवू. मला वाटतं, थोडीच कामं निवडावीत पण तांत्रिक तपासणी कडक करावी. वर्ष एकच आहे, तिन्ही जमणार नाही. जगात इतर विकसनशील देशांनी यातलं बरंच करून पाहिलं आहे म्हणतात. कशाने फरक पडला आणि कशाने नाही? ज्यांनी स्वतः हे काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

मोजपट्टी

कोरा_कागद ताई, गज मोजलेत हे फार चांगलं केलंत. मी लेखापरीक्षणात ३१ वर्षं काढली, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं मी गज मोजले नाहीत, म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर राहवलं नाही.

आमचं शिक्षण असं असायचं: देयक व्हाउचरशी जुळतं का, व्हाउचर मोजमाप पुस्तकाशी, पुस्तकातला दर मंजूर दरपत्रकाशी. जुळलं की लाल पेन्सिलीची खूण आणि पुढचं पान. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी एका खडीच्या रस्त्याची फाइल अशीच ‘निरंक’ करून साहेबांकडे नेली. त्यांनी ती उघडलीच नाही. म्हणाले, उद्या सकाळी कुदळ घेऊन ये.

रस्त्याच्या मध्यावर आम्ही वीतभर लांब-रुंद खड्डा खणला. पुस्तकात खडीचा थर २० सेंटिमीटर लिहिला होता. साहेबांनी पट्टी उभी धरली आणि मला वाचायला सांगितलं. ११. पुढे दोनशे मीटरवर पुन्हा खणलं, १२. त्यांनी खड्ड्यातली खडी माझ्या ओंजळीत दिली, तिच्यात निम्मी माती होती. मी आदल्या दिवशी त्याच रस्त्यावर लाल खूण केली होती. चोवीस कागद माझ्याकडे होते आणि ते सगळे एकमेकांशी अगदी खरे होते, कारण लिहिणारा हात एकच होता. त्यातल्या एकाचीही रस्त्याशी गाठ मी घालून दिली नव्हती.

हेच काम पुढे कुणीतरी शास्त्रशुद्ध पद्धतीने केलं, ते तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचं आहे. इंडोनेशियात २००३-०४ मध्ये गावरस्त्यांच्या एका योजनेत सहाशेच्या वर गावं घेतली. अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांचा तो अभ्यास. अभियंते पाठवून रस्ते खणले, वाळू-खडी-दगड किती आहे ते मोजलं, बाजारात जाऊन दर विचारले, मजुरांना विचारून हजेरी ताडली, आणि त्यावरून रस्त्याला किती खर्च यायला हवा होता ते काढलं. खणताना आणि वाहतुकीत जी खरीखुरी नासधूस होते ती कळावी म्हणून स्वतः छोटे नमुना-रस्ते बांधून तेही मोजले. ही काळजी मला फार आवडली, कारण त्यामुळे ‘साहेब, एवढं तर वाया जातंच’ हे उत्तर उरत नाही.

त्यात काही गावांना काम सुरू होण्याआधीच सांगितलं होतं की तुमचं लेखापरीक्षण नक्की होणार, आणि निकाल गावसभेत वाचला जाणार. एरवी ती शक्यता ४ टक्के होती, ती १०० टक्के केली. हिशेब न लागणारा खर्च सुमारे ८ टक्केबिंदूंनी उतरला. दुसऱ्या काही गावांत लोकांना सभेची शेकडो आमंत्रणं दिली, निनावी तक्रारीचे कागद वाटले. सभांना गर्दी वाढली, लोक बोललेही, पण एकूण गळतीत फारसा फरक दिसला नाही. मजुरीतली गळती कमी झाली, साहित्यातली तशीच राहिली.

त्याचं कारणही त्यांनीच शोधलं. गावातल्या लोकांना फुगवलेला दर ओळखता येतो, कारण सिमेंटची गोणी कितीला मिळते हे त्यांना ठाऊक असतं. फुगवलेलं परिमाण ओळखता येत नाही. रस्त्याखाली वीस सेंटिमीटर खडी आहे की बारा, हे वरून चालणाऱ्याला कसं कळणार? मग पैसे खाणारा दराला हात लावत नाही, परिमाणात खातो. माझ्या ३१ वर्षांत मीही हेच पाहिलं. दर बरोबर, ब्रास (खडी-वाळू मोजायचं माप) खोटे.

आता तुमच्या तीन माणसांचं. कामं कशी निवडणार? इथे माझी स्वतःची चूक सांगतो. आमच्या कार्यालयाची एक जुनी पद्धत होती, तपासणीच्या पंधरा दिवस आधी पत्र जायचं: अमुक तारखेला अमुक कामं पाहू. मीही ती वर्षानुवर्षं पाळली. एकदा मी एका बंधाऱ्यावर पोचलो तर भिंतीच्या दर्शनी बाजूचा गिलावा ओला होता, बोट लावलं तर ठसा उमटला. काम पूर्ण झाल्याचा दाखला चौदा महिन्यांपूर्वीचा. मला फसवलं गेलं याचा राग नाही आला, मीच पत्र पाठवून त्यांना तारीख कळवली होती याचं वाईट वाटलं. त्यानंतर मी पत्रात फक्त महिना लिहू लागलो आणि कामं चिठ्ठ्या टाकून काढू लागलो.

ब्राझीलने हेच राष्ट्रीय पातळीवर केलं. २००३ पासून तिथल्या केंद्रीय नियंत्रक कार्यालयाने लहान-मध्यम नगरपालिका चक्क सोडतीने निवडायला सुरुवात केली. ज्या यंत्रणेतून सरकारी लॉटरी निघते तिथेच ही सोडत जाहीरपणे काढली जाई. नाव निघालं की तपासनीसांचं पथक जाऊन कागदही बघायचं आणि जागाही, मग अहवाल सगळ्यांसाठी खुला. ज्या महापौरांच्या अहवालात भानगडी निघाल्या त्यांना २००४ च्या निवडणुकीत फटका बसला, आणि जिथे स्थानिक रेडिओ होता तिथे जास्त बसला. पुढे मागोवा घेतला तेव्हा दिसलं की ज्या नगरपालिकेची एकदा तपासणी झाली तिथे नंतरचा भ्रष्टाचार सुमारे ८ टक्क्यांनी कमी. त्यामागे मतदारांच्या भीतीपेक्षा खटल्याची भीती मोठी होती, असा त्या अभ्यासकांचा निष्कर्ष.

तेव्हा माझं मत: थोडी कामं, सोडतीने, तारीख न सांगता, कुदळ आणि पट्टी घेऊन. आणि अशी तपासणी होणार आहे, हे बांधकाम सुरू होण्याआधीच जाहीर करून. नंतरच्या तपासणीने गेलेली खडी परत येत नाही. आधी सांगितलेल्या तपासणीने ती पडते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. इंडोनेशियाच्या त्या गावांत लेखापरीक्षण पक्कं झाल्यावर प्रमुखांच्या नातेवाइकांना कामावर घेण्याचं प्रमाण वाढलं. पाणी अडवलं की ते दुसरीकडून वाट काढतं, म्हणून दर वर्षी तीच तपासणी त्याच पद्धतीने करू नका.

हाळी

मोजपट्टी काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला. पटलाही. पण ‘लोकांना परिमाण कळत नाही’ हे वाक्य तसंच सोडवत नाही. मी सामाजिक अंकेक्षणात, म्हणजे सरकारी हिशेब लोकांसमोर वाचून पडताळण्यात, गावपातळीवर आठ वर्षं काम केलं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली ती २ डिसेंबर १९९४ ला, कोट किराना इथे. पद्धत अगदी साधी. सरकारी नोंदी मिळवायच्या, आणि ज्यांच्या नावाने त्या लिहिल्यात त्यांच्याच समोर मोठ्याने वाचायच्या. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथली. कागदच मिळत नाहीत म्हणून १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवस धरणं धरलं गेलं, आणि त्या रेट्यातून पुढे २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्यात कलम १७ ने सामाजिक अंकेक्षण बंधनकारक झालं. म्हणजे कायद्यात तरी हे लोकांचं कामच मानलं गेलं आहे.

आता जवळून पाहिलेलं. एका सभेत मी हजेरीपट वाचत होते. एका बाईंचं नाव आलं, बारा दिवस, पुढे अंगठा. मागून आवाज आला, ‘परत वाच’. मी परत वाचलं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, ‘त्या पंधरवड्यात माझा पाय प्लास्टरात होता. हिने मला उचलून आत-बाहेर केलंय’, आणि शेजारणीकडे बोट दाखवलं. शेजारणीने मान हलवली. आणखी चौघीजणी बोलल्या, एकीने प्लास्टर कोणत्या दिवशी काढलं तेही सांगितलं. कोणत्याही तपासनीसाला हे कसं कळलं असतं? अंगठा होता, नाव होतं, पैसे काढल्याची नोंद होती. त्या खोट्या बारा दिवसांचा पुरावा फक्त त्या अंगणात होता.

परिमाणाचं म्हणाल तर प्रश्न कसा विचारता यावर आहे. ‘किती घनमीटर खडी पडली?’ असं विचारलं की सगळे गप्प. ‘ट्रॉल्या किती आल्या? कुठे ओतल्या? दिवसाला किती फेऱ्या?’ असं विचारलं की कडेला राहणारा सांगतो, कारण त्याच्या दारात धूळ उडालेली असते. आम्ही कागदावरच्या ब्रासचा आकडा आधी ट्रॉल्यांत बदलायचो आणि मग सभेत न्यायचो. एका ठिकाणी कागदाप्रमाणे एकशे चाळीस ट्रॉल्या यायला हव्या होत्या. सभेतले लोक पस्तीस-चाळीसच्या वर जाईनात.

फिलिपिन्समध्ये याहून सोपं करून दाखवलं. २००३ पासून सरकारी पाठ्यपुस्तकं शाळेपर्यंत पोचतात का ते पाहायला नागरिकांच्या गटांनी शिक्षण खात्याबरोबर काम केलं, आणि मोजायला स्काउट-गाइडची मुलं-मुली उभी केली. पुस्तकांचे गठ्ठे येणार कधी, किती येणार, हे आधी जाहीर. मुलं दारात उभी राहून मोजायची. पुस्तक मोजायला अभियंता लागत नाही.

तेव्हा ताई, कामाचा प्रकार बघा. डोळ्याने मोजता येतं ते लोकांकडे द्या: हजेरी, पुस्तकं, बाकं, ट्रॉल्या, नळ. जमिनीखाली किंवा भिंतीत गेलेलं असतं ते काकांच्या कुदळीकडे.

आणखी एक, हे मी कळकळीने सांगते. सभा संपते, तुम्ही गाडीत बसून निघता. प्लास्टरवाल्या बाई तिथेच राहतात. आमच्या त्या सभेनंतर त्यांना दोन महिने काम मिळालं नाही. मागणीचा अर्ज दिला की ‘पुस्तक संपलंय’. मला ते तीन महिन्यांनी कळलं आणि अजून मनातून जात नाही. त्यानंतर आम्ही नियम केला: ज्यांनी सभेत साक्ष दिली त्यांच्याकडे पंधराव्या, तिसाव्या आणि साठाव्या दिवशी माणूस जाईल, आणि सभेचं इतिवृत्त त्याच दिवशी तिथेच लिहून वर पाठवलं जाईल. तुम्ही सभा घेणार असाल तर या खेपा वर्षाच्या आखणीत आधी धरा. तेवढ्यासाठी माणूस नसेल तर सभा घेऊच नका.

तीन_प्रती

संकेतस्थळाच्या बाजूने थोडं, कारण ती बाजू इथे एकटी पडली आहे.

या विषयात सगळे युगांडाचं उदाहरण देतात. १९९१ ते ९५ या काळात तिथल्या सरकारने प्राथमिक शाळांना दर विद्यार्थ्यामागे जे अनुदान सोडलं त्यातलं सरासरी १३ टक्केच शाळेत पोचलं, हे २५० शाळांच्या पाहणीतून कळलं. बहुतेक शाळांना काहीच मिळालं नव्हतं. त्यानंतर सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळेच्या भिंतीवर लावायला सुरुवात केली, आणि २००१ पर्यंत पोचण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं. छापलं आणि गळती थांबली, अशी ती गोष्ट सांगितली जाते. खरं तर त्याच वर्षांत १९९७ ला प्राथमिक शिक्षण मोफत झालं, पैसे सोडण्याच्या पद्धती बदलल्या, वरून लक्ष वाढलं. यातला वर्तमानपत्राचा वाटा किती यावर अभ्यासकांत वाद आहे.

पण भिंतीवर काय लावलं होतं ते बघा: या शाळेला, या महिन्यात, इतके पैसे. एक ओळ. मुख्याध्यापकाला ती वाचून काय विचारायचं ते लगेच कळतं. आपल्या संकेतस्थळांवर बहुतेकदा दोनशे पानांचा तिरका स्कॅन असतो, शोधता येत नाही, आणि रक्कम लेखाशीर्षाप्रमाणे (खर्चाच्या सरकारी वर्गवारीप्रमाणे), गावाप्रमाणे नाही. इंडोनेशियातच स्वस्त तांदळाच्या योजनेत पात्र कुटुंबांना नुसतं एक कार्ड टपालाने पाठवलं, तर त्यांच्या पदरात पडणारं अनुदान २६ टक्क्यांनी वाढलं. कार्ड हातात होतं, म्हणून मागता आलं.

नायजेरियात २०११ मध्ये सुरू झालेली बजेटइट नावाची संस्था हेच करते. अर्थसंकल्पातून एकेका गावाच्या नावाने धरलेली कामं वेगळी काढायची आणि त्या गावात जाऊन सांगायचं, तुमच्या नावावर हे आरोग्य केंद्र आहे, कुठे आहे ते दाखवा. तुम्ही संकेतस्थळ करणार असाल तर आधी एका गावासाठी एक पान करून बघा. ते छापून शाळेच्या दाराला लावता येत नसेल तर पुढचं करू नका.

कोरा_कागद

सगळ्यांचे मनापासून आभार. हाळी ताई, साक्ष देणाऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी टीममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या आराखड्यात त्याला एक ओळसुद्धा नव्हती.

एक उपप्रश्न. समजा आम्ही सोडत काढली, खणलं, मोजलं, सभेत वाचलं, सगळं केलं. पुढे काय? आधीच्या एका संस्थेचा असाच अहवाल मला कपाटात सापडला. चार वर्षांपूर्वीचा. त्यातल्या आठ आक्षेपांत आमचीच एक शाळा आहे. कुणीही काहीही केलेलं नाही.

अनुपालन

हा प्रश्न माझ्या टेबलावरचा. लेखाआक्षेपांवर खात्यांची उत्तरं मागवायची आणि समितीपुढे ठेवायची, हे काम मी बारा वर्षं करतो आहे.

बहुतेक देशांत लेखापरीक्षक सांगू शकतो, वसूल करू शकत नाही. आपल्याकडे संविधानाच्या कलम १४८ ते १५१ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांचं पद आहे, त्यांचे अहवाल सभागृहात ठेवले जातात, आमदार-खासदारांची लोकलेखा समिती खात्याच्या सचिवांना बोलावते. पण समितीपुढे आक्षेप येईपर्यंत वर्षं गेलेली असतात. ज्याने सही केली तो दोनदा बदलून गेलेला असतो किंवा निवृत्त. उत्तर द्यायला येणारा अधिकारी फाइल पहिल्यांदाच वाचत असतो. ‘माहिती घेऊन कळवतो’ हे वाक्य मी इतक्यांदा टिपलं आहे की ते लिहिताना हात थांबत नाही.

आंध्र प्रदेशात रोजगार हमीची सामाजिक अंकेक्षणं फार मेहनतीने झाली, त्यासाठी २००९ मध्ये स्वतंत्र संस्था उभी केली. पुढच्या अभ्यासात दिसलं की पकडायला सोप्या गोष्टी कमी झाल्या आणि साहित्याच्या खर्चातल्या, पकडायला अवघड अशा लबाड्या वाढल्या. शिक्षा होत नाही हे लोकांच्या लक्षात आलं होतं, असं त्या अभ्यासकांना वाटतं. मलाही तेच वाटतं.

दक्षिण आफ्रिकेने यावर कायदा केला. १ एप्रिल २०१९ पासून तिथल्या महालेखापरीक्षकाला गंभीर अनियमिततेवर मुदत घालून उपाय सांगता येतो, आणि तो केला नाही तर जबाबदार अधिकाऱ्याच्या नावाने येणे रकमेचा दाखला काढता येतो. म्हणजे ती रक्कम त्या व्यक्तीने भरायची. घानात असा अधिकार संविधानातच होता पण वापरला जात नव्हता. २०१७ मध्ये नागरिकांचा एक गट न्यायालयात गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हा अधिकार वापरलाच पाहिजे. तिथल्या लेखापरीक्षकांनी तो वापरायला घेतला, आणि २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. तो आदेश घटनाबाह्य होता असा निकाल २०२३ मध्ये आला, तोवर ते निवृत्त झाले होते. हे मी तुम्हाला नाउमेद करायला लिहीत नाही. लेखापरीक्षकाची नेमणूक, मुदत आणि पैसा कुणाच्या हातात आहे यावर सगळं अवलंबून असतं, आणि त्यासाठी बाहेरच्या लोकांनी लढावं लागतं, ते लढलेही.

तुमच्या पातळीवर मात्र एक गोष्ट लगेच करता येते. आक्षेप खात्याच्या नावाने लिहू नका, पदाच्या नावाने लिहा. ‘बांधकाम निकृष्ट आढळले’ यावर मी पाच वर्षं उत्तर मागत राहतो. ‘मोजमाप पुस्तकाच्या अमुक पानावर गज सात नोंदवले, जागेवर पाच. ही नोंद करणाऱ्या पदावरील अधिकाऱ्याने तीस दिवसांत खुलासा द्यावा’, हे लिहिलंत तर माझ्यासारख्या माणसाला ते पुढे ढकलता येत नाही. शिवाय जुना आक्षेप निकाली निघाल्याशिवाय त्याच यंत्रणेच्या नव्या कामाचा हप्ता सोडू नये, अशी अट निधी देणाऱ्याकडून घालून घेता आली तर बघा. माझ्या पाहण्यात सगळ्यांत जलद उत्तरं त्या एका अटीने आली आहेत.

आणि एक आठवण: जे हिशेबाच्या पुस्तकात आलंच नाही ते यातल्या कशानेच सापडणार नाही. मोझांबिकमध्ये २०१३-१४ साली सरकारने संसदेला न विचारता सुमारे दोन अब्ज डॉलरच्या कर्जांना हमी दिली. २०१६ मध्ये ते बाहेर आलं, देणगीदार देशांनी मदत थांबवली आणि भोगलं सामान्य लोकांनी. माजी अर्थमंत्र्यांना न्यूयॉर्कमध्ये दोषी ठरवायला २०२४ उजाडलं. म्हणून कामांची यादी खात्याकडून घेऊ नका. कोषागारातून पैसे कुठल्या खात्यावर गेले ती यादी मागा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

मोजपट्टी

अनुपालन यांनी शेवटी लिहिलंय ते फ्रेम करून टीमच्या खोलीत लावा. यादी कधीही ज्याची तपासणी करायची त्याच्याकडून घेऊ नये, हे मला शिकायला दहा वर्षं लागली.

हाळी ताई, ट्रॉल्यांचं मान्य. माझं वाक्य अपुरं होतं. मी कधी ब्रास ट्रॉल्यांत बदलून विचारलेच नाहीत, नोकरीत असताना हे सुचलं असतं तर कितीतरी आक्षेप बळकट झाले असते. आणि त्या बाईंना काम नाकारलं गेलं ते वाचून वाईट वाटलं. आमच्या अहवालांत साक्षीदार म्हणजे ‘स्थानिक चौकशीअंती’ एवढे दोन शब्द असायचे.

कोरा_कागद ताई, त्या शाळेत परत जाल तेव्हा एवढं करा. जुना अहवाल आणि तुमची फाइल दोन्ही बरोबर न्या. लांबी-रुंदी मोजताना टेपचं दुसरं टोक मुख्याध्यापकांच्या किंवा शाळा समितीतल्या एखाद्या पालकाच्या हातात द्या, तुमच्या सहकाऱ्याच्या नको. आकडा त्यांना वाचायला सांगा आणि ते वाचतील तसाच, त्यांच्यासमोर, शाईने लिहा. खोडायचं झालं तर एकच रेघ, खालचा आकडा दिसला पाहिजे, शेजारी दोघांची सही. गजांचा फोटो काढाल तेव्हा खिडकीत त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरा आणि मागे खोलीचा क्रमांक येऊ द्या. मग तो फोटो दुसऱ्या कुठल्या फाइलीला लावता येणार नाही.

भिंतीचा गिलावा खरवडायची परवानगी लेखी घ्या. मिळाली नाही तर नकारही लेखी घ्या.

कोरा_कागद

काका, नोंद केली. सोडत येत्या सोमवारी काढतो आहोत. यादी कोषागाराकडून मागवली आहे, अर्ज आज दिला. त्या शाळेत गुरुवारी जाते आहे. टेप तीस मीटरचा घेतलाय.